पिंप्राळ्याच्या राष्ट्रपती

परवा दुपारी बाऊजी, म्हणजे माझे सासरे, मला "वा!" म्हणाले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात माझ्या बोलण्याला त्यांनी दिलेली ही पहिली दाद, आणि ती आपण कुणाला दिली हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गट्ट्यांच्या भाजीचं पीठ मळत होते. बाहेर हॉलमध्ये बाऊजी आणि त्यांचे भडगावचे जुने स्नेही झुलालआबा बसले होते. झुलालआबांनी बाऊजींच्या फोनवर काहीतरी दाबलं आणि माझाच आवाज घरभर झाला. "मना भाऊ-बहिणीसवन, आभायमाइन धोंडा यी राहिना. येऊ द्या. डोकावर पडी तव्हय देखसूत. घाबरू नका. मी आठेच शे." पिठातला हात पिठातच राहिला. बाऊजी इतक्या मोठ्यांदा हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्यातूनच ते "वा!" म्हणाले. झुलालआबा म्हणाले, "भिकमशेठ, बाई काय बोलस! आमना गावना सरपंचले बी इतली धमक नही." बाऊजी म्हणाले, "सरपंचनं काय घी बठना? परत लावा." त्यांनी परत लावलं. मी पुन्हा घरभर झाले आणि ते पुन्हा हसले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण त्याच्या पाठोपाठ जे वाटलं त्याला मत्सरच म्हणावं लागेल. या बाईशी ते किती मोकळे आहेत, असं माझ्या मनात आलं. या बाईशी म्हणजे माझ्याशीच.

आमच्या मारवाडी घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. इतर घरांतून हा रिवाज आता गेला, आमच्यात राहिला, का राहिला ते कुणी विचारलं नाही. बाऊजी खोलीत आले की मी उठायचं, ओढणी पुढे घ्यायची आणि भिंतीच्या बाजूला वळायचं. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही. ते घरात असले की कुजबुजतच बोलायचं. काही सांगायचं झालं तर सासूबाईंना सांगायचं, त्या नसतील तर माझ्या मुलीला, प्रियलला, आणि प्रियल पाळण्यात होती तेव्हा पाळण्याला कुजबुजून सांगायचं: "आजोबांना सांग हो, दूधवाला पैसे मागतोय." पाळणा काही बोलत नसे, पण बाऊजी पैसे काढून ठेवत. कुणी माझी कीव करायला निघालं असेल तर थांबावं. हा रिवाज मला फारसा काचला नाही. बोलायचं नाही म्हणजे उत्तरही द्यायचं नाही, आणि ज्या बायकांना सासऱ्याला उठल्याबसल्या उत्तरं द्यावी लागतात त्यांच्यापेक्षा मी पुष्कळ सुखात होते. माझं बोलणं मी मागच्या दारी करून घ्यायची. पिंप्राळ्याला यायच्या आधी भडगावला असताना भिकुबाई नावाची शेजारीण होती, तिच्या अंगणात आणि माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. माझं माहेर पहूरचं, तिकडची बोली वेगळी. "शे" म्हणजे आहे, "आठे" म्हणजे इथे, "बठ्ठा" म्हणजे सगळा, हे मी भिकुबाईकडून उचललं. ती भांडायची मस्त. नवऱ्याशी, म्हशीशी, नळाला न आलेल्या पाण्याशी, सगळ्यांशी एकाच तालात. आज अख्खा खान्देश माझ्या ज्या ठसक्यावर फिदा आहे, तो तिचा ठसका आहे. पण आवाज माझा. तो मी कुणाकडून घेतलेला नाही.

अमृत हा या भिकुबाईचा भाचा. धुळ्याला लग्नाचे व्हिडिओ काढतो, आणि उरलेल्या वेळात परदेशी सिनेमांचे तुकडे घेऊन त्यावर आपली बोली चढवतो. भिकुबाईनेच त्याला माझं नाव सांगितलं. त्याला एका बाईचा आवाज हवा होता. सिनेमात एक राष्ट्रपती होती, राखाडी सूट, आखूड केस, आणि पृथ्वीवर मोठा दगड येऊन आदळणार म्हणून ती जनतेशी बोलत होती. मी तो तुकडा दहाएक वेळा पाहिला. मग आणखी सिनेमे पाहिले. आता मला सिनेमातल्या राष्ट्रपतींबद्दल कुणी काहीही विचारावं. ते कधी जेवत नाहीत. त्यांना सर्दी होत नाही. संकट आलं की सगळ्यांना बाहेर पाठवून ते एकटे खिडकीशी उभे राहतात आणि मग निर्णय घेतात. आपल्याकडच्या सिनेमात राष्ट्रपती शेवटी येतात, नायकाच्या छातीला पदक लावतात आणि एक शब्द न बोलता जातात. त्यांच्याबद्दल मला फार आपुलकी आहे, मी ते काम घरी केलेलं आहे. आणि सिनेमा कुठलाही असो, राष्ट्रपती आत आले की सगळे ताडकन उभे राहतात, आणि राष्ट्रपती तोंडातून पहिला शब्द काढतात तो "बसा." हे मला इतकं आवडलं की काय सांगू. आपण यावं, सगळ्यांनी उठावं, आणि आपण म्हणावं, बसा.

रेकॉर्डिंग मी आमच्या कपड्यांच्या कपाटात करते. घरात बोललं तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो, साड्यांमध्ये तोंड घातलं की येत नाही आणि बाहेरही जात नाही. त्यामुळे देशाला उद्देशून भाषण करताना राष्ट्रपतींच्या नाकाशी सासूबाईंची जरीची चुनडी असते आणि डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. पहिल्या दिवशी अमृत फोनवर म्हणाला, "काकू, बठ्ठं भारी, पण बांगड्यासना आवाज यी राहिना." मी बांगड्या काढल्या. मग रोज काढायच्या आणि रोज चढवायच्या हा व्याप नको म्हणून काढूनच ठेवल्या, हातात एकेक बारीक सोन्याचं कडं ठेवलं. कपाटात मी उभीच राहते. बसून राष्ट्रपती होता येत नाही. पाठ सरळ होते, श्वास पोटातून येतो, आणि जो आवाज निघतो त्याला कुणाच्या बापाची भीती नसते. बाहेर आले की मी परत ओढणी घेते. माझे यजमान ललित यांना हे सगळं माहीत आहे. त्यांनी पहिला तुकडा दुकानात गिऱ्हाइकाच्या फोनवर ऐकला आणि धावत घरी आले. "आवाज तुझा आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बाऊजींना कळू देऊ नको." मग जरा वेळानं म्हणाले, "कळणार तरी कसं?" खरंच होतं. साऱ्या जिल्ह्यात एकच माणूस असा होता, ज्याच्या घरात मी राहत होते आणि ज्याला माझा आवाज माहीत नव्हता.

दगड पडला, सिनेमा संपला, पण लोकांना राष्ट्रपती सोडवेना. म्हणून अमृतने दरबार काढला. लोकांनी आपलं गाऱ्हाणं बोलून पाठवायचं, आणि दर रविवारी राष्ट्रपती अक्कांनी आदेश काढायचे. पारोळ्याच्या एकाने तक्रार केली की बायको भाकरी करपवते. राष्ट्रपती म्हणाल्या, "मंग भाकरी तू कर. आदेश!" एका बाईनं सांगितलं की नवरा घोरतो, त्याला सरहद्दीवर पाठवायचं ठरलं, शत्रू पळून जाईल. गंमतच सगळी. पण गंमत करता करता मला कधी कधी भलतंच वाटायचं. कुणी म्हातारी सांगायची की पोरं फोन करत नाहीत, आणि मी कपाटात उभी राहून तिच्या पोरांना फैलावर घ्यायची, आणि तिचा निरोप यायचा की अक्का, पोराचा फोन आला. मग मला प्रश्न पडायचा की हे कुणी केलं. ती सुटातली परदेशी बाई तर नटी होती, ती कधीच राष्ट्रपती नव्हती. मी तर नटीसुद्धा नव्हते. दोन नसलेल्या बायकांनी मिळून एका पोराला आईशी बोलायला लावलं होतं. यात काहीतरी खोटं होतं, पण ते नेमकं कुठे होतं ते मला सापडत नसे, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधतही नसे.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्यानंतर लगोलग बाऊजींचे डोळे गेले. काचबिंदू होता, बाऊजींनी तो कुणाला सांगितला नाही, सांगितला तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रियल शिकायला पुण्याला गेली. ललित सकाळी दुकानात जातात ते दिवेलागणीला येतात. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघं, आणि मधला बोलणारा माणूस कुणीच नाही. सासूबाईंचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी बाऊजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. डोळे तेव्हा अंधुक होते. मी दाराआड उभी होते. त्यांनी दाराला विचारलं, "घरात आता कोण कोण आहे?" असा प्रश्न का विचारला असेल ते मला कळलं होतं, माझ्या घशात उत्तरही आलं होतं, आणि मी ओट्यावरच्या पेल्यावर चमचा वाजवला. तोच पुढे आमचा रिवाज झाला. कपावर चमचा म्हणजे चहा आणलाय, ताटावर वाटी म्हणजे जेवायला वाढलंय. मी वाजवते, ते मान हलवतात. तो पेल्यावरचा चमचा मात्र मला अजून ऐकू येतो. पन्नास वर्षांचा संसार संपलेल्या माणसाला मी एक टिण्ण असा आवाज दिला होता. मी तेव्हा खूप रडले, पण तेही आवाज न करता.

तर परवा हे "वा!" झालं आणि काल सकाळी अमृतचा फोन आला. "काकू, एक म्हताराना निरोप शे. हसवाना नही. तुम्हीच ठरावा काय करणं ते." ललित दुकानात गेलेले. मी सवयीनं कपाटात गेले, दार ओढून घेतलं आणि निरोप लावला. पहिल्या शब्दाला आवाज ओळखला. बाऊजी माझ्याशी बोलत होते. मागून झुलालआबांचं खाकरणं ऐकू येत होतं, म्हणजे त्यांनीच फोन धरला असणार. भडगावच्या दुकानात कुणब्यांशी बोलायचे त्या बोलीत बाऊजी बोलत होते, सावकाश, एकेक शब्द ठेवत.

"राष्ट्रपती अक्का, राम राम. मी पिंप्रायाथीन बोली राहिनू. मना डोया गयात. आमना घरमा रिवाज शे, सून सासरासंगे बोलस नही. मनी सून गुणनी शे. पण मी तिनं तोंड कधी देखं नही, आवाज कधी ऐका नही. आते तर देखाना सवालच नही. पहिले बांगड्या वाजेत, मंग समजे की ती आठे शे, की तठे शे. वरीस झायं, बांगड्या बी वाजतस नहीत. आते ती खोलीमा शे का नही, माले समजस नही. कधी कधी मी रिकामी खोलीले मान हालावस. मी घरना मोठा, मी रिवाज कसा मोडू? ती लहान, ती कशी मोडी? तुम्ही आम्हना दोन्हीसना वर शेत. तुम्ही आदेश काढा, अक्का. बस, इतलंच."

मनगटावर हात गेला, तिथे ते मुकं कडं होतं. साऱ्या खान्देशाला माझा आवाज नीट ऐकू जावा म्हणून मी बांगड्या काढल्या, आणि घरातल्या एका माणसाला मी ऐकू येईनाशी झाले. आणि तो माणूस माझ्याच दारात माझं गाऱ्हाणं घेऊन आला. मी दार उघडून बाहेर आले. सिनेमातले राष्ट्रपती अशा वेळी खिडकीशी जातात, मीही गेले. त्यांना खिडकीतून हिरवळ दिसते, मला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आणि खाली भाजीवाल्या कुंदाबाईंची गाडी दिसली. मी विचार केला. रविवारी दरबारात उत्तर दिलं तर ते साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं असतं, आणि म्हाताऱ्याचा आवाज कुणीतरी ओळखलाच असता. उत्तर दिलं नाही तर ते वाट पाहत बसले असते, आणि पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं तर तिथूनही मुकेपणाच आला असता. आणि तोंडानं उत्तर दिलं तर? हे सगळ्यात अवघड होतं. आवाज ऐकताक्षणी त्यांना कळलं असतं की राष्ट्रपती म्हणजे घरातलीच सून, गट्टे करणारी. डोळे गेल्यावर त्यांच्याकडे हसायला एकच गोष्ट उरली होती, तीही मी त्यांच्या हातून काढून घेतली असती. शिवाय जे मन त्यांनी लांबच्या बाईजवळ उघडं केलं ते नेमकं जिच्यापासून झाकायचं तिनंच ऐकलं, ही लाज वेगळी. बाऊजी अभिमानी माणूस. ते पुन्हा कधी हसले नसते तर?

मी ललितना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे पोती टाकल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "मला कधी बोलले नाहीत ते हे."

"तुम्हाला कशाला बोलतील? तुम्ही त्यांचा मुलगा," मी म्हटलं.

"मग आता काय करतेस? मी संध्याकाळी येऊन समजावून सांगू का त्यांना? मध्ये मी असलो म्हणजे..."

मध्ये कुणीतरी असलं म्हणजे. तेवीस वर्षं मध्ये कुणीतरी होतंच. मी म्हटलं, "नको. अर्ज माझ्याकडे आलाय, तुमच्याकडे नाही." हे मी कुठल्या आवाजात म्हटलं ते त्यांना बरोबर कळलं. ते हसले आणि म्हणाले, "बरं, राष्ट्रपती," आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं. एकदा ठरलं की मी मागे फिरत नाही, हा माझा स्वभाव माहेरचा आहे. बाऊजींना लाज वाटेल, वाटो. लाज दोन दिवसांत जाते, रिकाम्या खोलीला मान हलवणं जात नाही. आणि राष्ट्रपती गेल्या तर गेल्या, त्या तशाही सुटातल्या दुसऱ्या बाईच्या तोंडावर चिकटवलेल्या होत्या.

चहा केला. कपाखाली बशी घेतली, चमचा घेतला नाही. बाऊजी हॉलमध्ये त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होते, मांडीवर फोन, चेहरा खिडकीच्या उन्हाकडे. मी आत गेले आणि उभी राहिले. त्यांना कळलं नाही. मी इतकी जवळ होते की त्यांच्या कानावरचे पांढरे केस मोजता आले असते, आणि त्यांच्या लेखी खोली रिकामी होती. या खोलीत मी वर्षभर अशीच येत-जात होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. हात आपसूक ओढणीकडे गेला. ओढणी डोक्यावर होतीच, मी ती राहू दिली.

"बाऊजी," मी म्हटलं.

इतका बारीक आवाज निघाला की तो माझा मलाच ओळखू आला नाही. त्यांनी दचकून तोंड दाराकडे वळवलं, बाहेरून कुणी आलं असावं अशा समजुतीनं. "कोण शे?" त्यांनी विचारलं. "कोण पाहिजे?" हे मला लागलं. तेवीस वर्षांनी तोंड उघडलं आणि मी घरात आलेली कुणीतरी परकी बाई झाले. क्षणभर वाटलं, कप ठेवावा आणि आत निघून जावं. मग मी पाठ सरळ केली, कपाटात करते तशी. श्वास पोटातून घेतला.

"मी आठेच शे," मी म्हटलं.

बाऊजींचा हात मांडीवर गेला, त्यांनी फोन चाचपला, उचलून कानाला लावला. फोन बंद होता. त्यांनी तो कानापासून काढला आणि शेजारच्या स्टुलावर अगदी हळू ठेवला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, लाजही नव्हती, ते फक्त ऐकत होते, मी आणखी काही बोलते का म्हणून.

"बांगड्या मी काढून ठेवल्या होत्या, बाऊजी," मी म्हटलं. "आवाज येतो म्हणून. संध्याकाळी घालते. पण आता बोलेनही."

"बीनणी?" ते म्हणाले. सुनेला आमच्यात बीनणी म्हणतात. हा शब्द त्यांनी सासूबाईंजवळ, प्रियलजवळ, दाराजवळ हजारदा वापरला असेल, मला उद्देशून कधीच नाही. मी म्हटलं, "हो. मीच ती. दोघीही मीच."

त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले. मला वाटलं, ते उठून आपल्या खोलीत निघाले. मी वाट सोडून बाजूला झाले. पण ते कुठे गेले नाहीत. हळूहळू, गुडघ्यांवर जोर देत उठले, सदरा खाली ओढून नीट केला, आणि माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून सरळ उभे राहिले. आजवर ते आले की मी उठत होते.

"बसा, बाऊजी," मी म्हटलं.

"पहिले तुम्ही," ते म्हणाले.

त्या खोलीत त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. कप स्टुलावर ठेवला, सासूबाईंची खुर्ची फरशीवरून मुद्दाम आवाज करत ओढली, आणि बसले. मग ते बसले.